पोश्याचं आवण आणि साहेबाची हिरवळ

पोश्याला मी पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी संध्याकाळी तो मोखाड्याच्या बाजारातून गवताचा भारा डोक्यावर घेऊन परत येत होता. सकाळी जातानाही तोच भारा त्याच्या डोक्यावर होता.

"खपला नाही वाटतं?" मी विचारलं.

"इकाया कठं नेला व्हता?" तो म्हणाला. "घरा ठेवला त फागी फेकून देते. म्हणून संगं नेला."

फागी म्हणजे त्याची बायको. नवरा बाजाराला गेला की ती घर झाडून काढायची, आणि घर झाडायचं म्हणजे पोश्याचं गवत बाहेर काढायचं, असा त्या घरातला नेम होता. मला वाटलं, माणूस ठार वेडा आहे. पुढे त्याच्या शेजारात मी बारा वर्षं काढली, तरी हे मत फारसं बदललं नाही.

मी माहीमचा. मुंबईच्या माहीमचा नव्हे, केळव्याजवळच्या. इंग्रजी चार बुकं झाली होती, त्यामुळे नानजीशेट नावाच्या लाकडाच्या ठेकेदाराकडे कारकून म्हणून लागलो आणि जव्हार संस्थानात दाभोशाला येऊन पडलो. नदीच्या वरच्या अंगाला शेटचा बंगला, बंगल्यामागे लाकूड कापायची गिरणी, आणि खाली उतरणीला सात घरांचा पाडा. त्यातलं कडेचं घर पोश्याचं. तो मला 'पंत' म्हणायचा आणि 'तू' म्हणायचा. शेटलाही तू, देवालाही तू. पहिले सहा महिने मी त्यावरून चिडलो, मग थकलो.

पावसाळा सरला की तिथल्या माळावर छातीएवढं गवत उभं राहतं. दिवाळीपर्यंत गुरं खातात. पुढे ते काडीसारखं ताठ होतं, त्याला कुसळं येतात, आणि मग ते गुरांच्याही कामाचं राहत नाही. असं डोंगरच्या डोंगर गवत उभ्यानं वाळून जातं, आणि हे एका माणसाला सहन होत नव्हतं. पोश्या त्याचे दोर वळायचा. डोक्यावरच्या हंड्याखाली ठेवायच्या चुंबळी करायचा, केरसुण्या बांधायचा, दाणे साठवायच्या कणग्या विणायचा. त्यानं मला एकदा गवताच्या वहाणा दिल्या होत्या. त्या घालून मी कचेरीत गेलो तेव्हा शेटच्या म्हशीनं डावी वहाण खाल्ली. पोश्याच्या घरात गवताची नव्हती अशी एकच वस्तू, ती फागी.

पण त्याची खरी करामत म्हणजे पिळा. पहाटे दंव पडून गवत मऊ झालं की तो मूठभर काड्या घ्यायचा, करकचून पीळ द्यायचा, मधोमध मोडायचा आणि पुन्हा पीळ द्यायचा. वाळला की हातभर लांबीचं लाकूडच. चुलीत घातला तर भसकन पेटून विझायचा नाही, लाकडासारखा सावकाश जळायचा. पाड्यावर लाकूड तोडायला बंदी होती, पिळा करायला नव्हती. सातही चुली पोश्याच्या गवतावर चालत.

आता माझा मूर्खपणा सांगतो. एकोणीसशे सोळा साल. युद्धामुळे गिरणीच्या बॉयलरला दगडी कोळसा मिळेनासा झाला. चहूकडे सागाच्या राशी पडलेल्या, आणि बॉयलर थंड. कारण शेट लाकडाची ढलपीसुद्धा जाळू देईना. ढलप्या भट्टीत घालून त्यांचा कोळसा मुंबईला जायचा. लाकडात बसून आम्ही जळणावाचून अडलो होतो. तेव्हा मी शहाणपणा करून पोश्याचा एक पिळा शेटच्या टेबलावर ठेवला. गिरणीच्या मिस्त्रीनं नाक मुरडलं, पण दोनशे पिळे बॉयलरच्या तोंडात घातल्यावर शिट्टी वाजली. शिट्टी ऐकून पोश्या जमिनीवर बसला आणि हसतच राहिला. मीठ, तंबाखू आणि रोजाची मजुरी यावर सारा पाडा पिळे वळायला लागला.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण शेटला बातमी लागली की रेल्वेला रुळांखालचे लाकडी स्लीपर पुरवणाऱ्या एका विलायती कंपनीचा साहेब चैत्रात थंड हवेसाठी इकडे येणार. शेटला ठेका पाहिजे होता. साहेबाला काय आवडतं, याची त्यानं मुंबईत चौकशी केली, तर कळलं की साहेबलोकांना बंगल्यापुढे हिरवळ लागते. झालं. मुंबईहून पेट्यांमधून विलायती गवत आलं आणि बंगल्यासमोरच्या अर्ध्या एकरात लागलं. ते दोन वेळा पाणी मागायचं. नदीतून पाणी चढवायचं तर पंप, पंपाला बॉयलर, बॉयलरला पिळे. गिरणी बंद पडली आणि रात्रंदिवस पंप चालू राहिला.

"पंत," पोश्यानं मला विचारलं, "डोंगराचं गवात जाळून हे येवढंसं गवात जगवायचं. त मग डोंगराच्या गवताला काय झालं व्हतं?"

"ते आपलं काम नाही," मी म्हणालो. हे वाक्य मी त्या नोकरीत फार वापरलं.

माळावरचं गवत फाल्गुनातच संपलं. मग मी पाड्यावर गेलो आणि त्यांच्या राबाचं गवत मागितलं.

राब म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. तिकडे भाताची रोपं वाढवायला एक लहानसा तुकडा राखतात. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळा, शेण, गवत पसरतात, वर माती टाकतात आणि पावसाच्या तोंडावर ते पेटवून देतात. जमीन भाजून निघते, तणाचं बी मरतं, राख मिसळते. त्यात भात पेरायचं. महिन्याभरात जी रोपं येतात त्यांना आवण म्हणतात. ती उपटून चिखल केलेल्या खाचरांत लावायची. राब नाही तर आवण नाही, आणि आवण नाही तर वर्षाचा भात नाही. सात घरांनी वर्षभर जपलेलं ते गवत मी बॉयलरला नेलं. शेट त्याच्या बदल्यात पालागवत भरून देईल, असा शब्द मी दिला. शेटला मी हे विचारलंही नव्हतं.

चैत्रात साहेब आलाच नाही. वैशाखात नदी आटली, पंपानं चिखल ओढला, आणि विलायती गवत चार दिवसांत करपलं. त्याच आठवड्यात साहेबाची तार आली: दाभोशाचा धबधबा पाहायला आषाढात येतो. शेट मुंबईला निघताना मला म्हणाला, "हिरवळ पाहिजे. नाहीतर तूपण नको."

मला पुतण्याच्या मुंजीला माहीमला जायचं होतं. मी पोश्याला बोलावलं. "ही जमीन मला परत हिरवीगार करून पाहिजे. तुला जे कळतं ते कर."

"जे कळतं ते?"

"हो. पण हिरवी."

आठ दिवसांनी परत आलो तर बंगल्यापुढे अर्धा एकर काळाठिक्कर. अजून धूर निघत होता. मेलेलं विलायती गवत, बॉयलरमागचा राखेचा ढीग, गिरणीचा भुसा, सातही घरांचं शेण, सगळं पसरून त्यानं पेटवलं होतं. मध्ये पोश्या उभा, पायाला काजळी, तोंडभर हसू.

"ग्वाड भाजली रं पंत!" तो म्हणाला. "अशी कधी भाजली नव्हती."

मी फाटकातच बसलो. "अरे, हे काय केलंस?"

"तू सांगलास. न भाजता भुई हिरवी कशी व्हल?"

"आणि आता?"

"आता काय, बी टाकलं. भाजलेली भुई उघडी कोण ठेवतं? आमचा राब तू नेलास. साती घरांचं बी हठंच टाकलं." कडेच्या जागा त्यानं दुसऱ्यांना दिल्या होत्या. काळी नावाची म्हातारी विधवा होती, तिला फाटकाजवळचा तुकडा, म्हणजे तिला फार चालायला नको. स्वतःला उरलेला मधला ठेवला. प्रत्येकाच्या हद्दीवर एकेक पिळा खोचला होता.

मी रागावलो नाही, कारण रागवायला अंगात बळ नव्हतं. मी शेटला पत्र लिहिलं, की काम चालू आहे. ते खोटं नव्हतं.

मृग लागला आणि बाराव्या दिवशी मी व्हरांड्यात येऊन नुसता बघत उभा राहिलो. भाताच्या रोपांची ती पोपटी हिरवाई ज्यानं पाहिली आहे त्याला सांगायला नको. शेट आला आणि त्यानं मला मिठी मारली. तो मुंबईच्या पेढीत वाढलेला. तांदूळ त्यानं फक्त ताटात पाहिला होता. मग साहेब आला. तोही विलायतेहून नवा. फाटकातच थांबला, टोपी काढली आणि इंग्रजीत म्हणाला, असा हिरवा रंग आमच्या देशातसुद्धा नाही. मी मान हलवली. ते खरंच होतं.

साहेबाला स्लीपरबद्दल बोलायची घाई दिसेना. त्यानं पेटीतून रंग काढले आणि व्हरांड्यात बसून हिरवळीचं चित्र सुरू केलं. पुढे हिरवळ, मागे धबधब्याचं धुकं. रोज पाऊस यायचा, कागद भिजायचा, साहेब नवा कागद लावायचा. चित्र पुरं होईपर्यंत हिरवळीला कोणी हात लावायचा नाही, असा शेटचा हुकूम सुटला.

आणि आवण तयार झालं. खाली खाचरांत चिखल करून झाला होता. सात घरच्या बाया पावसासाठी पाठीवर पानांची इरली घेऊन सकाळपासून कुंपणापाशी बसायच्या. बोलत नसत, नुसत्या बघायच्या.

"या बायका किती शांत!" साहेब म्हणाला. "त्यांनाही सौंदर्य कळतं."

"महिना व्हत आला, पंत," पोश्या मला म्हणाला. "दीड महिना झाला का आवण गाठ धरतं. मंग लावून काय येत नाय."

मला नोकरी सोडवत नव्हती आणि बायकांकडे बघवत नव्हतं. यातून पोश्यानंच वाट काढली. माळावर तेव्हा नवं गवत वीतभर झालं होतं, फुकटचं, कोणाला नको असलेलं. तो म्हणाला, कडेनं जेवढं आवण उपटू तेवढंच गवत तिथं लावू. सायबाला हिरवं पाहिजे ना, हिरवं राहील.

मी साहेबाला जाऊन सांगितलं की बायकांना तण काढायची परवानगी हवी. साहेब खूश झाला. दुसऱ्या दिवसापासून काळी, फागी आणि बाकीच्या बाया ओळीनं बसून भाताची रोपं तण म्हणून उपटू लागल्या, आणि तण हिरवळ म्हणून लावू लागल्या. रोपांच्या जुड्या टोपल्यांत भरून साहेबाच्या नाकासमोरून जायच्या.

"फारच तण निघतं," साहेब म्हणाला. "त्याचं काय करतात?"

"चिखलात पुरतात, सर," मी म्हणालो.

"वा! टाकाऊ वस्तूचा किती चांगला उपयोग!" असं म्हणून त्यानं रंगात थोडा निळा मिसळला, कारण कडेकडेनं हिरवळीचा रंग बदलत चालला होता.

दहा दिवसांत सहा घरांचं आवण खाली उतरलं. उरला मधला तुकडा, पोश्याचा. तो बरोबर साहेबाच्या डोळ्यांसमोर होता. तिथलं तण राहू द्या, साहेब म्हणाला, तिथं उजेड फार छान पडतो. पोश्यानं दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी तो अंगावरचं पाणी निथळत सरळ व्हरांड्यात चढला आणि साहेबाच्या पुढ्यात उभा राहिला. शेटही तिथेच होता.

"सायबा, तू उठ," पोश्या म्हणाला. "हे गवात नाय, माझा भात हाय. जून व्हतं. आज नाय लावलं त माझ्या घरात वरीसभर दाना नाय. तू उठ, मी काढून नेतूं, मंग तू बस."

साहेबानं माझ्याकडे पाहिलं. शेटनंही पाहिलं. शेटला इंग्रजी कळत होतं, पोश्याची बोली धड कळत नव्हती. साहेबाला बोली कळत नव्हती. दोन्ही कळणारा तिथे मी एकटा होतो.

"तो म्हणतो," मी इंग्रजीत सांगितलं, "चित्र फार सुंदर होतंय. साहेबांनी सावकाश पुरं करावं."

साहेबाचे डोळे भरून आले. त्यानं उठून पोश्याचा ओला हात हातात घेतला, हसला, आणि परत खाली बसला. पोश्या माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गेला. गरीब माणसांनासुद्धा चित्राची अशी ओढ आहे म्हटल्यावर घाई करणं बरं नाही, असं म्हणून साहेब आणखी अठरा दिवस राहिला.

निघताना शेटनं स्लीपरचा विषय काढला. साहेब म्हणाला, "अरे, ते सांगायचं राहिलं. आमची कंपनी आता लोखंडी स्लीपर घेते." शेट दोन दिवस जेवला नाही. मी जेवलो, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

साहेबाची गाडी वळणाआड गेली तसे पोश्या आणि फागी त्या तुकड्यात उतरले. एक रोप उपटून पोश्यानं नखानं चिरलं. आत गाठी धरल्या होत्या. तरी त्यांनी ते सगळं उपटून खाचरात लावलं. लोंब्या आल्या त्या पोचट. त्या वर्षी त्या दोघांनी कडूकांद खणून, चकत्या करून, वाहत्या पाण्यात कडवटपणा घालवून खाल्ला. पाड्यानं जमेल तेवढा भात दिला. काळीनं तिच्या टोपलीतलं अर्धं दिलं. मी दोन शेर तांदूळ घेऊन गेलो तेव्हा फागीनं ते घेतले, पण मला आत बोलावलं नाही. त्या वर्षी तिनं पोश्याचं गवतही बाहेर फेकलं नाही, आणि ते मला जास्त वाईट वाटलं.

दोन वर्षांनी, युद्ध संपल्यावर, विलायतेहून एक पेटी आली. साहेबानं ते चित्र चौकटीत बसवून, काच लावून शेटला भेट पाठवलं होतं. शेट म्हणाला, माझ्या डोळ्यांसमोर नको, कचेरीत टांग. पेटी उघडायला मी पोश्याला बोलावलं. काच फुटू नये म्हणून पेटीत सुकं गवत कोंबलं होतं. पोश्यानं आधी ते बाहेर काढलं, हुंगलं, बोटांत चोळून पाहिलं.

"विलायतचं गवात?"

"हो."

"मऊ हाय. पन पीळ धरंल," तो म्हणाला, आणि बसल्याबसल्या त्याचे पिळे वळायला लागला. मी चित्र भिंतीला टेकवून ठेवलं. आता नाही बोललो तर कधीच बोलणार नाही, असं वाटलं, म्हणून बोललो. त्या दिवशी व्हरांड्यात तू जे बोललास ते मी साहेबाला सांगितलं नाही, भलतंच सांगितलं. मी घाबरलो. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं.

पोश्याचे हात थांबले नाहीत. "मना ठावं हाय," तो म्हणाला. "भात मागितला आन् सायब हसला. नाय म्हननारा असा हसत नाय."

"मग तू काहीच कसा बोलला नाहीस?"

"काय बोलू? माझं आवण सायबाच्या म्होरं, तुझं शेटच्या म्होरं. तुझं त तरी वाचलं."

मला रडू आलं. मी ते पंच्यानं पुसलं आणि चहाला आधण ठेवायच्या निमित्तानं चुलीकडे वळलो. पोश्यानं वळलेले चार पिळे माझ्यापुढे टाकले. "हे लाव. धूर नाय व्हनार." खरंच धूर झाला नाही. विलायतेच्या गवतावर पाणी उकळू लागलं.

मागे वळून पाहिलं तर तो चित्रापुढे उकिडवा बसला होता. काठाकाठानं निळसर हिरवं, मधोमध पोपटी हिरवं. साहेबाची नजर खरी होती, त्यानं फरक बरोबर टिपला होता. त्या पोपटी तुकड्याभोवती पोश्यानं काचेवरून बोट फिरवलं, चारही बाजूंनी, हद्दीवर पिळे खोचतात तसं.

"हे माझं," तो म्हणाला. "बग, अजून कवळं हाय."

मग त्यानं रोप उपटताना धरतात तशी तीन बोटं काचेवर टेकवली, आणि चहा होईपर्यंत ती तशीच ठेवली.